एका खिशात दोन चाकू: जुन्या-नव्या जोडीची पार्श्वभूमी

रोज जवळ चाकू बाळगणाऱ्या अमेरिकी आणि युरोपीय हौशी मंडळींत एक पद्धत आता चांगलीच रुळली आहे. एका खिशात हाडाच्या मुठीचा, दोन हातांनी उघडायचा जुन्या धाटणीचा चाकू. दुसऱ्या खिशाच्या काठाला क्लिपने अडकवलेला, नुसत्या अंगठ्याने उघडणारा नवा. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की आधी रामपुरी आठवतो, त्यामुळे भल्या माणसाला एकही कशाला हवा, असं वाटणं साहजिक आहे. पण या जोडीमागे मोठा इतिहास आहे. जुन्याला जे जमत नव्हतं त्यातून नवा आला, आणि नव्यात जे हरवलं त्यासाठी जुना पुन्हा खिशात परतला.

मुठीत मिटणारं पातं ही कल्पना रोमन काळाहूनही जुनी. पण ते पातं नुसत्या घर्षणावर उभं राहायचं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी सतराव्या शतकात मुठीच्या पाठीला पोलादी स्प्रिंग बसवली आणि खिशातला चाकू खऱ्या अर्थाने घडला. पातं उघडलं की स्प्रिंग त्याच्या बुडाला दाबून धरते, मिटतानाही तीच त्याला आत ओढते. पातं पक्कं अडकवणारा खटका मात्र नाही. पात्याच्या पाठीवर जोर दिला तर ते मिटणारच, म्हणून हा चाकू धरायची एक रीत हाताला शिकून घ्यावी लागते. शेफील्डच्या चाकू-कात्री कारागिरांचा संघ 1624 मधला आणि तिथला जाड बोल्स्टरचा (मुठीच्या टोकाला, पात्याच्या बुडाशी असलेल्या धातूच्या तुकड्याचा), एक-दोन पात्यांचा साधा ‘बार्लो’ चाकू आजही जवळपास त्याच रूपात बनतो. इंग्रजीत छोट्या चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात, कारण त्याने पिसाच्या लेखणीला टोक काढायचे. बोरू तासणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते नाव समजावून सांगावं लागलं नसतं.

या चाकूंच्या मुठीत भारतही आहे. शेफील्डच्या उंची चाकूंना सांबरशिंगाची मूठ असायची आणि ही शिंगं भारतातून जायची. मेळघाटात किंवा ताडोब्यात दिसणारं सांबर शिंगं गाळतं. त्या गळालेल्या शिंगांची खडबडीत, तपकिरी साल हातात घट्ट बसते. 1990 च्या दशकाच्या अखेरीला भारताने शिंगांची निर्यात बंद केली आणि खऱ्या सांबरशिंगाच्या मुठी महाग झाल्या. आज बहुतेक जुन्या धाटणीच्या चाकूंवर दिसतं ते जनावराचं हाड. त्यावर खाचा पाडून शिंगाचा भास आणण्याची युक्ती मात्र या बंदीच्या कितीतरी आधीची आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिका हे शेफील्डचं मोठं गिऱ्हाईक होतं. 1890 च्या मॅकिन्ले कायद्याने आयातीवर जबर जकात बसली, शेफील्डचा तो धंदा खचला आणि न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियातले कारखाने फोफावले. त्यांनी गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे घाट ठरवले. गुरं पाळणाऱ्यासाठी ‘स्टॉकमन’: तीन पाती, त्यातलं एक बोथट टोकाचं, जनावर खच्ची करण्यासाठी. सापळे लावणाऱ्याच्या नावाचा ‘ट्रॅपर’: दोन लांब पाती. मला हे घाट फार आवडतात. चाकूकडे बघून माणसाचा व्यवसाय ओळखता यावा, इतके ते नेमके आहेत.

पोलाद बहुतेक साधं, कार्बनचं. विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं, तसंच हे पडतं. पुसून ठेवलं, तेलाचा हात फिरवला तर गंज न चढता राखाडी-निळसर झाक येते आणि तीच पुढे थोडं संरक्षण करते. हौशी लोक ती झाक जिवापाड जपतात. न गंजणारं पोलाद शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये काढलं, तेही बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात यावर उपाय शोधताना.

फाटा फुटला तो अमेरिकेत. 1964 मध्ये बक कंपनीने ‘110’ हा चाकू आणला. त्याचं पातं उघडल्यावर पाठीच्या खटक्यात पक्कं अडकतं, त्यामुळे शिकाऱ्याला घडीच्या चाकूवर बिनधास्त जोर देता आला. पण वजन 200 ग्रॅमच्या आसपास, म्हणून तो खिशाऐवजी पट्ट्याला लटकायचा. 1981 मध्ये कोलोरॅडोतल्या स्पायडर्को कंपनीने ‘वर्कर’ काढला: पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक आणि मुठीला क्लिप. एका हाताने दोर धरून दुसऱ्याने चाकू उघडणं त्यामुळे सोपं झालं. त्याच सुमारास चाकू घडवणारे मायकल वॉकर यांनी मुठीतल्या पातळ पत्र्याचाच खटका केला, आणि पुढे ख्रिस रीव्ह या दुसऱ्या कारागिराने टायटॅनियमच्या मुठीची एक बाजूच खटका म्हणून वापरली. 2001 मध्ये खास चाकूंसाठी बनवलेलं एस30व्ही हे पावडरपासूनचं पोलाद आलं. धार खूप टिकते, पण त्यातले व्हॅनेडियमचे कठीण कण साध्या दगडाला दाद देत नाहीत. हिऱ्याची पट्टी घ्यावी लागते.

या सगळ्यात जाडी वाढली. जुन्या पात्याची पाठ साधारण 2 ते 2.5 मिमी, नव्याची बहुधा 3 ते 4. खोकी आणि दोर कापताना फरक कळत नाही. सफरचंदाला लावा, जाड पातं ते कापण्याआधी फोडतं. जुना चाकू परत येण्याचं हे सगळ्यात साधं कारण, आणि माझ्या मते सगळ्यात खरं. दुसरं कारण लोकांच्या नजरेचं. चारचौघांत हाडाच्या मुठीचा छोटा चाकू काढून कोणी पेरू चिरला तर शेजारचा फोडीसाठी हात पुढे करतो. खट्कन उघडणारं काळं पातं पाहून तो सरकून बसतो.

मात्र ही गोडी पुन्हा जागी होईपर्यंत बरेच जुने कारखाने संपले होते. इंपिरियल श्रेड 2004 मध्ये बंद पडला, कॅमिलस 2007 मध्ये. त्या दोन वर्षांच्या मधेच, 2006 मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावात ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू झाली आणि तिने जुनेच घाट, कार्बन पोलादात, पुन्हा घडवायला घेतले. जोडीतला जुना चाकू आज अनेकदा तिथलाच असतो.

ब्रिटनमध्ये दोन्ही शाखा एकाच चाकूत आल्या, त्या कायद्यामुळे. 1988 च्या कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी फक्त घडीचा खिशातला चाकू चालतो, तोही 3 इंचांपर्यंतच्या धारेचा. आणि खटक्याचा चाकू त्या सवलतीत बसत नाही, असं न्यायालयाने पुढे ठरवलं. मग स्पायडर्कोने तिथल्यासाठी ‘यूके पेननाइफ’ काढला. अंगठ्याचं भोक आहे, क्लिप आहे, पोलाद आजचं आहे. पातं मात्र शेफील्डच्या चाकूसारखं नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उभं राहतं, आणि चुकून मिटू नये म्हणून त्याच्या बुडाशी तर्जनी बसेल एवढी खाच ठेवली आहे.