जुनी अनोळखी ब्रास वाद्यं: ओळख आणि दुरुस्ती

कोणी बनवलं, कधी बनवलं, काय म्हणून वाजवायचं यातलं काहीच कळत नाही असं जुनं पितळी फुंकवाद्य हातात आलं की ते नेमकं काय आहे हे शोधून काढणं आणि मग ते वाजतं करणं, अशी ही दोन कामं. आधी ओळख, मग दुरुस्ती. हा क्रम चुकला तर नुकसान होतं, कारण या वाद्यांमधे जे बिघडलंय असं वाटतं ते पुष्कळदा मुळातच तसं बनवलेलं असतं आणि दुरुस्त करणारा चांगल्या मनाने नेमकं तेच घालवून बसतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ऑफिक्लाईड. १८१७ च्या सुमारास पॅरिसच्या अलारी या वाद्यकाराने काढलेलं हे वाद्य लांबून सॅक्सोफोनच वाटतं, पण तोंडाला रीड (कंप पावणारी पातळ पट्टी) नाही, ट्रॉम्बोनसारखी ओठ टेकवायची वाटी आहे. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८३० च्या आपल्या सिंफनीत वापरलं होतं, पुढे १८३५ मधे बर्लिनला ट्यूबा या व्हॉल्व्हवाल्या मोठ्या खर्जाच्या वाद्याचं पेटंट निघालं आणि हळूहळू हे मागे पडलं. याला साधारण ९ ते १२ चाव्या असतात, बाकी सगळ्या एरवी बंद आणि भोंग्याजवळची एकच कायम उघडी. ती उघडी चावी बघून स्प्रिंग गेली असं समजून कोणी ती बंद करून टाकली तर वाद्याचा मूळ सूरच अर्ध्या स्वराने खाली जातो, आणि मग बाकीच्या चाव्या लागत नाहीत म्हणून त्याही वाकवल्या जातात.

व्हॉल्व्हचंही, म्हणजे बोटाने दाबून हवा जादा नळीतून फिरवणाऱ्या झडपेचंही, तसंच. व्हॉल्व्हचं पहिलं पेटंट १८१८ चं, प्रशियातलं, श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांचं. श्टोल्झेलच्या व्हॉल्व्हमधे हवा पिस्टनच्या बुडातून जाते, त्यामुळे खाली झाकणाऐवजी नळी दिसते, काही तुटलेलं नसतं. पॅरिसच्या जुन्या कॉर्नेटांवर (ट्रंपेटसारखं वाद्य) हे हमखास दिसतं. आखूड जाडजूड पिस्टन असेल तर बर्लिन पद्धत, प्रत्येक बोटाला जोडी-जोडीने पिस्टन असतील तर व्हिएन्ना पद्धत (ही व्हिएन्नाच्या हॉर्नवर आजही चालते), आणि आजचा ओळखीचा पिस्टन हा पेरिने या फ्रेंच कारागिराचा, १८३० च्या दशकाच्या शेवटचा.

कोरलेलं काही नसेल तर दोरी घ्या आणि नळीची लांबी मोजा. युफोनियमसारखं (छोट्या ट्यूबासारखं) बी फ्लॅट सुराचं वाद्य साधारण ९ फूट, ट्रंपेट त्याच्या निम्मं, मोठा बेस दुप्पट. मग प्रत्येक व्हॉल्व्हने किती नळी वाढते ते बघा. अर्ध्या स्वराला एकूण लांबीच्या जवळपास ६ टक्के लागते, पूर्ण स्वराला १२, दीड स्वराला १९. हा हिशोब जुळत नसेल तर स्लाईड (आतबाहेर सरकणारी नळी) दुसऱ्याच वाद्याची घातलेली असण्याची शक्यता बरीच. पण फ्रेंच हॉर्नमधे तिसरा व्हॉल्व्ह सूर खाली न नेता वर चढवणाराही असतो, तेव्हा घाई नको.

अक्षरं कोरलेली असतील तर तीही जपून वाचायची. बेसन (Besson) या कंपनीच्या वाद्यांवर ‘प्रोटोटाईप’ असं असतं आणि लोकांना वाटतं हा पहिला नमुना सापडला, दुर्मिळ आहे! तसं काही नाही, ठरावीक पोलादी साच्यांवर नळ्या घडवायच्या त्यांच्या पद्धतीचं ते नाव. बूझी अँड हॉक्स या इंग्लिश वाद्य कंपनीचं हे जोडनाव १९३० नंतरचंच. प्रदर्शनांतली पदकं कोरलेली असतील तर शेवटच्या पदकाच्या वर्षाआधीचं ते वाद्य असूच शकत नाही. बूझी अँड हॉक्सकडचं कारखान्याचं जुनं दप्तर लंडनच्या हॉर्निमन म्युझियममधे आहे, त्यात नंबरावरून शोध घेता येतो, म्हणून सिरियल नंबर घासून जाईल असं पॉलिश कधीच करू नये.

आणि पट्टी. इंग्लंडचे ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत ४५२.५ हर्ट्झच्या (‘ए’ या स्वराच्या) चढ्या पट्टीत वाजत होते, आजची ४४०, म्हणजे फरक जवळजवळ पाव स्वराचा. ९ फुटी वाद्यात तो सुमारे ७-८ सेंटीमीटर नळीचा होतो. वाद्य बेसूर नाही, आखूड आहे. अशा वेळी मूळ स्लाईड कापून जोड देऊ नये, वेगळी लांब स्लाईड करून घ्यावी आणि जुनी पिशवीत घालून वाद्याबरोबर ठेवावी.

आता दुरुस्ती. अडकलेल्या स्लाईडला पकड लावू नका, भेदक तेल सोडून दोन-चार दिवस थांबा. व्हॉल्व्हमधून हवा गळते असं वाटलं तर पिस्टन घासायला देण्याआधी बूच आणि नमदा (फेल्ट) बदलून बघा, ते दबले की भोकं समोरासमोर येत नाहीत, आणि दोष निघतो साध्या बुचात. तोंडाकडच्या नळीत दिवा धरून बघा, गुलाबी ठिपके दिसले तर पितळातलं जस्त निघून गेलंय आणि उरलंय ते सच्छिद्र तांबं, तिथे डाख टिकत नाही, ठिगळ किंवा नवी नळीच. पोचे काढताना आतून गोळा आणि बाहेरून हलका हात. तांबट जसं भांडं मधेमधे तापवून नरम करतात तसं इथेही कडक झालेलं पितळ आधी नरम करावं लागतं, नाहीतर चिरतं. पण जवळपासचे सांधे बहुतेक शिसं-कथलाच्या डाखाचे असतात, ते आधी सोडवा, नाहीतर एक पोचा काढताना तीन जोड सुटतील.

चिरण्याचं आणखी एक कारण थेट आपल्याकडचं आहे. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना आपोआप भेगा पडायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून आत राहिलेला ताण, हे कोडं १९२१ मधे नीट उलगडलं. ठोकून घडवलेल्या भोंग्यालाही तेच लागू, म्हणून अमोनियावालं पॉलिश कडांवर राहू देऊ नका आणि वाद्य गोठ्याजवळच्या खोलीत टांगू नका.

भारतात या कामाचं मोठं ठिकाण मेरठची जाली कोठी, लग्नाच्या बँडची वाद्यं तिथे बनतात आणि दुरुस्तही होतात. तिथल्या कारागिरांचा हात पक्का आहे, पण त्यांचं काम म्हणजे वाद्य वाजतं करून द्यायचं, त्यामुळे जुनं वाद्य द्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो, लांबीची मापं आणि कोरलेल्या अक्षरांचा कागदावर पेन्सिलने घासून काढलेला ठसा घेऊन ठेवा, आणि काढलेला प्रत्येक तुकडा परत मागा, निकामी असला तरी.