पंचायतीची मुदत संपते, पंचाची का संपत नाही?

गोव्यात रविवारच्या ग्रामसभेत कचरा, रस्ता आणि नव्या बांधकामांचे परवाने यांवरून आवाज चढले की मागच्या खुर्च्यांवरून एक वाक्य हमखास येतं: "पुरे झाले आता हे पंच. कायद्यात पाच वर्षांची मर्यादा आहे ना?" कायद्यात पाच वर्षं आहेत, हे खरं. पण ती पंचाला, म्हणजे वॉर्डातून निवडून आलेल्या पंचायत सदस्याला, घरी बसवण्यासाठी लिहिलेली नाहीत. पाच वर्षांनी संपते ती पंचायत. पंच दुसऱ्याच दिवशी पुन्हा अर्ज भरायला मोकळा असतो, आणि पुष्कळदा भरतोच.

यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. एक, निवडून आलेलं मंडळ किती काळ चालणार. दुसरी, एकाच माणसाने त्याच पदावर किती वेळा यायचं. पहिलीचं उत्तर राज्यघटनेत अगदी नेमकं दिलेलं आहे. दुसरीचं उत्तर गोव्यात कुठेच नाही. पंच, सरपंच, नगरसेवक, नगराध्यक्ष, पणजीचा महापौर, जिल्हा पंचायत सदस्य, यांपैकी कोणालाही 'तुमच्या दोन टर्म झाल्या, आता थांबा' असं सांगणारा कायदा नाही.

आधी मुदत. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि अनुच्छेद २४३-ई आला. नगरपालिकांसाठी तसाच २४३-यू, ७४व्या दुरुस्तीने. पंचायतीची पहिली बैठक ज्या तारखेला ठरते त्या तारखेपासून पाच वर्षं, त्याहून एक दिवसही जास्त नाही, आणि पुढची निवडणूक ही मुदत संपण्याआधी पुरी व्हायला हवी. निकालाच्या किंवा मतदानाच्या दिवसापासून मोजायचं नाही, पहिल्या बैठकीपासून मोजायचं. पंचायत मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते, पण नव्या मंडळाला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत, जुन्याचे उरलेले महिनेच मिळतात. उरलेला काळ सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर तेवढ्यासाठी निवडणूक घेण्याची सक्तीही नाही. या सगळ्या हिशोबात माणूस कुठेच येत नाही. घड्याळ संस्थेच्या भिंतीवर टांगलेलं आहे.

म्हणूनच गोव्यात सगळीकडे एकदम मतदान होत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये १९१ पैकी १८६ पंचायतींची निवडणूक झाली. बहुतेक पालिकांचं मतदान २०२१ मध्ये झालं, तर फोंडा आणि साखळीचं मे २०२३ मध्ये. या दोन गावांवर कोणी मेहेरबानी केली असं नाही, त्यांची घड्याळंच वेगळ्या वेळी सुरू झालेली.

हे कलम इतकं कडक का, याचं कारण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ७३व्या दुरुस्तीआधी देशातली अनेक राज्यं पंचायत निवडणुका वर्षानुवर्षं लांबवत होती. सत्तेवरच्या पक्षाला वारा उलटा वाटला की काही ना काही निमित्त निघायचं. निमित्तं अजूनही निघतात. २०२२ च्या जूनमध्ये आपल्या १८६ पंचायतींची मुदत संपली तेव्हा पावसाळ्याचं कारण पुढे आलं, ओबीसी आरक्षणाचा घोळही होता, आणि पंचायतींवर प्रशासक बसले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ४५ दिवसांत निवडणुका घ्यायला सांगितलं आणि १० ऑगस्टला भर पावसाळ्यात मतदान झालं. लोकांनी छत्र्या घेऊन रांगा लावल्या, काही बिघडलं नाही. शेजारी महाराष्ट्रात मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होता. मुदतीचं कलम नागरिकाच्या बाजूचं आहे ते असं: सरकारने निवडणूक टाळू नये म्हणून. तोच तो उमेदवार टाळावा हे त्याचं काम नव्हे, आणि तशी अपेक्षा त्याच्याकडून करणंही बरोबर नाही.

आता मर्यादा. ती पाहायला देशाबाहेर जावं लागतं, आणि गोवेकराला सगळ्यात जवळचं उदाहरण आहे पोर्तुगालचं. तिथे २००५ च्या कायद्याने नगरपालिकेच्या आणि गावपातळीवरच्या फ्रेगेझियाच्या अध्यक्षाला सलग तीनच टर्म दिल्या. एक टर्म चार वर्षांची, म्हणजे बारा वर्षं. त्याचा खरा चटका २०१३ च्या निवडणुकीत बसला, तेव्हा जुन्याजाणत्या कितीतरी अध्यक्षांना आपली नगरपालिका सोडावी लागली. मग त्यातल्या काहींनी शेजारच्या नगरपालिकेत अर्ज भरला! प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि निकाल आला की मर्यादा त्या त्या जागेपुरतीच आहे, दुसऱ्या नगरपालिकेत उभं राहता येईल. कायदा करणाऱ्यांनी 'कुठे' हा प्रश्न नीट सोडवला नव्हता, तो न्यायालयाला सोडवावा लागला.

फिलिपिन्समध्ये हे थेट राज्यघटनेतच आहे. स्थानिक पदाधिकाऱ्याची टर्म तीन वर्षांची, आणि सलग तीनपेक्षा जास्त नाहीत. तिथल्या घटनाकारांनी एक पळवाट आधीच बंद केली: मध्येच स्वतःहून राजीनामा दिला तरी साखळी तुटली असं धरायचं नाही. पण 'सलग' हा शब्द ठेवल्यामुळे एक टर्म विश्रांती घेऊन परत येता येतं. त्या विश्रांतीच्या काळात खुर्चीवर बहुतेकदा बायको, मुलगा किंवा भाऊ बसतो. राजकीय घराण्यांचं तिथलं पीक मर्यादेने कमी झालं नाही, काही ठिकाणी उलट वाढलं. आयुष्यभराची मर्यादा ही आणखी वेगळी गोष्ट. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून आला की संपलं, मध्ये कितीही वर्षं गेली तरी तिसऱ्यांदा नाही. म्हणजे 'मर्यादा हवी' म्हणणाऱ्याला आधी विचारायला हवं, कोणती?

दोन्ही गोष्टींतला फरक पुस्तकात शोधायची गरज नाही, पणजीत आयता सापडतो. पणजी महानगरपालिकेच्या २००२ च्या कायद्यात महापौराची मुदत एकच वर्षाची ठेवली. इतकी छोटी मुदत पाहून कोणालाही वाटेल की पाच वर्षांत पाच महापौर होतील, सगळ्यांना संधी मिळेल. झालं काय? २०२१ मध्ये महापौर झालेले रोहित मोन्सेरात पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. बेकायदा काहीच नाही. ज्या गटाकडे बहुमत, त्याचा महापौर. मुदत छोटी केल्याने नवा माणूस येत नाही, फक्त निवडणूक वारंवार होते. नवा माणूस यायलाच हवा असेल तर मर्यादा लागते. आणि मर्यादा घातली तरी मुदत लांब ठेवता येते. पोर्तुगालने तेच केलं: चार-चार वर्षं निवांत काम कर, पण तीनदाच.

गावात याच्या अगदी उलटं दिसतं, आणि माझ्या मते गोव्यातला खरा गोंधळ इथूनच सुरू होतो. आपला सरपंच थेट लोकांमधून निवडला जात नाही, पंच आपल्यातून निवडतात. पंचायतीत लोकसंख्येप्रमाणे पाच, सात, नऊ किंवा अकरा पंच. सात जणांच्या पंचायतीत चार जण एकत्र आले की अविश्वास ठराव पास, सरपंच खाली. पंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, त्यामुळे पक्षादेशाची भीती नाही, आणि कोण कोणाच्या बाजूला हे चवथीआधी एक असतं, दिवाळीनंतर दुसरं. शिवाय निवडून आल्या आल्या होणारी तोंडी वाटणी असतेच: पहिलं दीड वर्ष तू, मग मी, शेवटचं वर्ष तिसऱ्याने. वाटणी पाळली गेली नाही की मग अविश्वास. त्यामुळे एकाच मुदतीत गाव तीन-तीन सरपंच पाहतं. लोक म्हणतात, बघा, इथे कोणी टिकत नाही. पण सरपंचपद गेलेला माणूस पंच राहतोच. वॉर्डातून तोच, पुढच्या वेळीही तोच, किंवा त्याच्या घरचं कोणी. वरची खुर्ची फिरत राहते आणि खालचे सात जण हलत नाहीत. या दोन हालचाली एकच समजल्या की निदान चुकतं. अविश्वास ठरावाला मर्यादा समजून समाधान मानणाऱ्याच्या हाती अस्थिरता तेवढी येते, नवे चेहरे येत नाहीत.

मर्यादेसारखी दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आरक्षण. घटनेनुसार किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी, आणि या जागा वॉर्डांमधून फिरत्या ठेवता येतात. परवापर्यंत खुला असलेला वॉर्ड एका अधिसूचनेने महिलांसाठी राखीव होतो आणि तीन टर्म पंच राहिलेल्याला तिथून अर्जच भरता येत नाही. गावाला वाटतं, लागली शेवटी मर्यादा. पण त्याच्या तीन टर्म कोणी मोजलेल्या नसतात. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, चांगलं काम करणाऱ्या पंचालाही हाच फटका बसतो. आरक्षणाचा हेतू जुन्यांना काढण्याचा नाही, ज्यांना जागाच मिळत नव्हती त्यांना ती देण्याचा आहे. जुन्याला काढण्याचं ओझं त्याच्यावर टाकलं की 'पंचबाईंचा नवरा' हा नवा पदाधिकारी तयार होतो. सह्या तिच्या, निर्णय त्याचे.

आणि वॉर्ड कोणता राखीव करायचा, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या हातात राहिली की ती कुणाला तरी आत आणण्यासाठी किंवा बाहेर ठेवण्यासाठी वापरल्याचा संशय येतोच. २०२१ मध्ये मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांची प्रभाग आरक्षणाची अधिसूचना उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं आणि वर हेही सांगितलं की सरकारी पदावर असलेल्या व्यक्तीला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही. तोवर आपल्याकडे कायदा सचिवांकडेच त्या पदाचा अतिरिक्त भार होता. टर्म मोजणाऱ्या मर्यादेत निदान असल्या हातचलाखीला वाव कमी. आकडा आहे, मोजा.

गंमत अशी की गोवेकराला खरी मर्यादा अनोळखी नाही. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांपेक्षा जास्त बसता येत नव्हतं, बँकिंग कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दहा वर्षं झाली. क्रिकेट संघटनांतही, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीनंतर, एका पातळीवर तीन-तीन वर्षांच्या दोन सलग टर्म झाल्या की तीन वर्षं बाहेर बसायचं. ठेवीदारांचे पैसे आणि क्रिकेटची मैदानं यांच्यासाठी आपण हे मान्य केलं. गावच्या बांधकाम परवान्यांसाठी आणि कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक जमिनीच्या) डोंगरउतारावर काय उभं राहणार याविषयी ज्यांचा शब्द चालतो, त्यांच्यासाठी मात्र नाही.

मग गोव्याला करता येईल का? मला वाटतं, वाट आहे. अनुच्छेद २४३-एफ राज्याच्या विधानसभेला पंचायत सदस्यांच्या अपात्रतेच्या अटी ठरवू देतो. हरियाणाने दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना अपात्र ठरवलं ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केलं, आणि शिक्षणाची अट २०१५ मध्ये. या अटी मला स्वतःला पटत नाहीत, विशेषतः शिक्षणाची. ज्याला सरकारने शाळा दिली नाही त्यालाच उमेदवारी नाकारायची, हे अजब. पण ज्या दारातून त्या आत आल्या त्याच दारातून टर्मची मर्यादाही येऊ शकते.

मसुदा करायला बसलं की मात्र घाम फुटेल. मर्यादा पंचावर की सरपंचावर? सरपंचावर घातली तर आठ महिन्यांचं सरपंचपद एक टर्म धरायचं का? धरलं, तर दोन वाटण्यांत माणूस बाद. नाही धरलं, तर आठ-आठ महिन्यांनी तो आयुष्यभर सरपंच. म्हणून माझं मत पंचपदावर मर्यादा घालावी, सलग दोन पूर्ण टर्म, आणि पोटनिवडणुकीतून आलेल्याचे अडीच वर्षांहून जास्त भरले तर ती एक टर्म. फिलिपिन्ससारखं राजीनाम्याचं कलमही हवं. शेजारच्या वॉर्डात उडी मारली तरी मोजणी चालू राहिली पाहिजे, नाहीतर पोर्तुगालचाच घोळ आपल्या वाड्यावर होईल. लहान पंचायतीत पाच लायक, तयार माणसं सापडणं कठीण जातं, हा आक्षेप मात्र मला हलक्यात घेता येत नाही.

असं विधेयक आलंच तर ते पर्वरीला विधानसभेत चाळीस आमदारांपुढे येईल. आमदारांच्या अपात्रतेच्या अटी अनुच्छेद १९१ मध्ये आहेत आणि त्यांत भर घालायची तर कायदा संसदेला करावा लागतो. पंचाला दोन टर्मनंतर घरी पाठवण्यासाठी हात वर करणाऱ्याला स्वतःच्या सातव्या टर्मसाठी मत मागायला कोणी अडवणार नाही.