बॅरल १६ इंची की १८? मल्टीगनवाल्यांचं गणित

अमेरिकेत मल्टीगन नावाचा नेमबाजीचा एक प्रकार चालतो. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन घेऊन पळायचं, वळायचं, आडोशामागून नेम धरायचा आणि हे सगळं टायमर चालू असताना. टार्गेट कधी दहा पावलांवरचा पुठ्ठा असतो तर कधी ३०० यार्डांवरची स्टीलची प्लेट. रायफल बहुतेकांची एआर-१५, तिची बॅरल, म्हणजे नळी, हवी तेवढ्या लांबीची मिळते, पण मुरलेले खेळाडू फिरूनफिरून १८ इंचांवर येतात. आणि मला यातली गंमत ही वाटते की नवीन माणूस ज्या कारणासाठी लांब बॅरल घ्यायला जातो त्या कारणाचा इथे फारसा उपयोगच नाहीये.

ते कारण म्हणजे वेग. नळी लांब असली की गॅसला गोळी ढकलायला जास्त वेळ मिळतो, हे बरोबरच आहे. पण एआर-१५ च्या नेहमीच्या .२२३ काडतुसात १६ इंचांच्या पुढे दर इंचाला साधारण २५ फूट प्रति सेकंद एवढीच भर पडते, म्हणजे १६ आणि १८ मधे फरक पन्नासेक फुटांचा, आणि ५५ ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅमची) गोळी पळतेय ३००० च्या वर. रायफल २०० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळेल अशी लावलेली असेल तर एवढ्या फरकाने ३०० यार्डांवर गोळी इंचभरही खाली लागत नाही.

दुसरं जुनं कारण साइटचं. मागची आणि पुढची साइट एकमेकींपासून जेवढी लांब तेवढी नेमातली चूक कमी, पण स्कोप लावला की हा मुद्दाच संपतो. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधे ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमधे ब्राँझ जिंकलं तिथे दुर्बिणीचा स्कोप चालत नाही, म्हणून तिथे हे अंतर अजूनही मोलाचं. त्या प्रकारात पुष्कळ जण बॅरलच्या तोंडाला नुसती पोकळ नळी जोडतात आणि पुढची साइट तिच्यावर बसवतात, गोळी त्या नळीला शिवतही नाही.

मग १८ का? तर गॅसमुळे. एआर-१५ च्या बॅरलला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. गोळी ते ओलांडून गेली की मागचा थोडा गॅस त्यातून वर चढतो, पातळ ट्यूबमधून मागे येतो आणि काडतुसामागच्या सरकत्या भागाला, बोल्ट कॅरिअरला ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढचं काडतूस आत जातं. गोळी तोंडातून बाहेर पडली की प्रेशर एकदम जातं आणि ढकलणं संपतं. म्हणजे दोन गोष्टी महत्त्वाच्या: भोक काडतूस बसतं त्या चेंबरपासून किती अंतरावर आहे, आणि भोकापुढे नळी किती उरलीय.

कार्बाइन सिस्टीममधे भोक चेंबरपासून साधारण ७ इंचांवर असतं, मिडलेंग्थमधे ९, रायफल लेंग्थमधे १२ च्या आसपास. ७ इंचांवर गॅस अजून प्रचंड दाबाखाली असतो, त्यामुळे बोल्ट धाडकन मागे येतो आणि क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची खूण, टार्गेटवरून उडते. १२ इंचांपर्यंत दाब बराच उतरलेला असतो. १८ इंची बॅरलमधे भोकापुढे ६ इंच उरतात, ते पार करायला गोळीला सेकंदाचा जेमतेम सहा हजारावा भाग लागतो, आणि बोल्ट चालवायला तेवढं पुरतं, उगाच जास्तीचा धक्का नाही. हीच सिस्टीम १६ इंचीवर बसवली तर ४ च इंच उरतात, मग कमी ताकदीच्या काडतुसावर बोल्ट पूर्ण मागे येईलच असं नाही, म्हणून १६ वाले बहुतेक मिडलेंग्थ घेतात. एकाच पुठ्ठ्यावर दोन गोळ्या ०.२ सेकंदात मारायच्या असतात, तेव्हा क्रॉसहेअर किती हलली यावरच सगळं येतं.

मग २० का नाही, एआर-१५ चा लष्करी अवतार असलेली मूळ एम-१६ तर २० इंचीच होती? कारण वळणं. पाऊण इंच जाडीच्या बॅरलचे दोन इंच म्हणजे साधारण १०० ग्रॅम स्टील, काहीच वाटत नाही, पण ते खांद्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला असतं आणि फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. भरलेला तांब्या छातीशी धरून वळा आणि मग हात लांब करून वळा, लगेच कळेल. त्यात गॅस बाजूला वळवून धक्का कमी करणारा मझल ब्रेकही त्याच टोकाला जातो. शिवाय एकाच जाडीची नळी लांब केली की ती लवचिक होते, लांबीच्या घनाने, म्हणजे तेवढ्याच भाराखाली १८ इंची ही १६ पेक्षा चाळीसेक टक्के जास्त वाकते. हे मी तरी वेगापेक्षा जास्त मनावर घेईन.

१६ च्या खाली मात्र अमेरिकन कायदा आडवा येतो, १९३४ च्या कायद्याखाली त्याहून आखूड रायफलची वेगळी नोंदणी लागते. म्हणून १४.५ इंचीवाले मझल ब्रेक पिन करून वेल्ड करतात आणि एकूण १६ भरवतात. आखूड नळीतून ब्रेकला गॅस जास्त मिळतो खरा, पण कानठळ्याही तेवढ्याच.

माझं मत, स्पर्धेतले सगळे टप्पे (स्टेज) जवळचे असतील तर हलकी १६ मिडलेंग्थसकट, लांबच्या प्लेट्स असतील तर बारीक प्रोफाइलची १८. आणि कुठलीही घ्या, ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक बसवाच, त्याने भोकातून येणारा गॅस कमीजास्त करता येतो. मॅगझिनमधे एकच काडतूस घालून फायर करायचं, बोल्ट मागे लॉक होतोय ना बघायचं, मग गॅस थोडाथोडा कमी करत जायचं, लॉक व्हायचा थांबला की तिथून एक-दोन क्लिक परत उघडायचं, आणि मॅचला जी काडतुसं नेणार तीच इथेही वापरायची.