स्नूपीच्या छतावरचा बर्फ

ऑक्टोबर लागला की ‘पीनट्स’ या अमेरिकी चित्रपट्टीतल्या स्नूपी या कुत्र्याची पानगळीची जुनी चित्रं पुन्हा दिसू लागतात आणि डिसेंबरात बर्फातली. डोळे मिटून, नाक आभाळाकडे करून गळत्या पानांत नाचणारा बीगल जातीचा पांढरा कुत्रा. किंवा आपल्या लाकडी घराच्या छतावर उताणा झोपलेला, अंगावर चांगला वीतभर बर्फ साचलेला. या दोन चित्रांत गोडवा आहेच. पण पन्नास वर्षांची हिवाळी चित्रं ओळीने मांडून पाहिली, तर कुत्रा ओळखू येणार नाही इतका बदललेला दिसतो आणि बर्फ जिथल्या तिथे. गंमत अशी, की त्यातली बहुतेक वर्षं चित्रकाराच्या खिडकीबाहेर बर्फ पडतच नव्हता.

हे चित्रकार म्हणजे चार्ल्स शुल्झ. ते जन्मले अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये, 1922 साली. वाढले शेजारच्या सेंट पॉलमध्ये. वडिलांचं केशकर्तनालय होतं. मिनेसोटाचा हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने गोठलेली तळी आणि पोरांचा त्यावरचा आइस हॉकीचा धुडगूस. घरी स्पाइक नावाचा काळा-पांढरा कुत्रा होता. तो पिना, टाचण्या, काय वाट्टेल ते खायचा. त्याचं चौदा वर्षांच्या शुल्झने काढलेलं चित्र 1937 मध्ये अजब गोष्टींच्या एका प्रसिद्ध वृत्तपत्रीय सदरात छापून आलं. स्नूपी पुढे याच कुत्र्यावरून आला.

‘पीनट्स’ ही चित्रपट्टी 2 ऑक्टोबर 1950 रोजी सात वृत्तपत्रांत सुरू झाली आणि दोनच दिवसांनी स्नूपी आला. तेव्हा तो साधं पिल्लू होता, चार पायांवर चालणारं. 1952 मध्ये त्याच्या डोक्यावर मनातले विचार लिहिलेले फुगे आले. दोन पायांवर मात्र त्याला हिवाळ्याने उभं केलं: जानेवारी 1956 मधल्या एका पट्टीत मुलं बर्फावरून घसरत जातात आणि त्यांच्यामागून हाही उभ्याने घसरत जातो. छतावरची ती प्रसिद्ध झोप डिसेंबर 1958 ची. म्हणजे ज्या दोन गोष्टींमुळे स्नूपी ‘कुत्रा’ राहिला नाही, त्या दोन्ही थंडीतल्या. हा योगायोग असेलही. मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्याच 1958 साली शुल्झ कुटुंब कॅलिफोर्नियात सेबॅस्टोपोलला राहायला गेलं. तिथला हिवाळा पावसाळी, हिरवागार. पट्टीतल्या अंगणावर मात्र दर वर्षी बर्फ पडत राहिला, तोही मिनेसोटाचा. हॅलोवीनच्या रात्री भोपळ्यांच्या मळ्यात जागून ‘ग्रेट पंपकिन’ या काल्पनिक भोपळेबाबाची वाट पाहणारा लायनस हा मुलगा 1959 मध्ये दिसला, तोही नव्या घरी आल्यानंतरच. नाताळच्या टीव्ही कार्यक्रमात घराला दिव्यांच्या माळा लावून स्नूपी सजावटीची स्पर्धा जिंकतो, तो डिसेंबर 1965. पट्ट्या काही आठवडे आधीच तयार ठेवाव्या लागत, त्यामुळे नाताळचा बर्फ काढायचा तो नाताळ लांब असताना. ऋतू पाहून नव्हे, आठवून काढायचे.

आठवणीवर किती दिवस भागवणार? शुल्झ यांनी 1969 मध्ये जवळच्या सांता रोझा गावात चक्क बर्फाचं बंदिस्त मैदान उभारलं. तिथे ते म्हातारपणीही हॉकी खेळत आणि सकाळचा नाश्ताही बहुधा तिथल्याच कॅफेत करत. पट्टीत पुढे वुडस्टॉक हा चिमुकला पक्षी पक्ष्यांच्या पाण्याच्या गोठलेल्या थाळीवर स्नूपीबरोबर हॉकी खेळू लागला, त्याची मुळं इथलीच.

उलट्या हवामानाचंही एक पात्र आहे. लहानपणी दोनेक वर्षं शुल्झ कुटुंब कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात नीडल्स गावी राहिलं होतं. स्नूपीचा भाऊ 1975 मध्ये पट्टीत आला तेव्हा त्याला जुन्या कुत्र्याचं नाव मिळालं, स्पाइक, आणि पत्ता नीडल्सचा. त्याचे सगळे सणवार निवडुंगांच्या सोबतीने. स्नूपीच्या बर्फापेक्षा मला हे एकटेपण जास्त लागतं.

शुल्झ 12 फेब्रुवारी 2000 रोजी गेले. शेवटची पट्टी दुसऱ्या दिवशी, रविवारी छापली गेली. एकूण 17,897 पट्ट्या, सगळ्या एकट्याच्या हातच्या. आपल्यानंतर दुसऱ्या कोणी त्या काढू नयेत अशी त्यांची इच्छा होती, म्हणून वृत्तपत्रांत तेव्हापासून जुन्याच पट्ट्या फिरून छापल्या जातात, ऋतुमान सांभाळून. दर वर्षी पानं त्याच वेळी गळतात ती यामुळे.

अखेरच्या महिन्यांतली, जानेवारी 2000 ची एक रविवारची पट्टी पुन्हा पाहण्याजोगी आहे. मुलं बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकताहेत. स्नूपी हातातल्या गोळ्याकडे बघत बसला आहे. पन्नास हिवाळे काढल्यावर त्याच्या लक्षात येतं, की बर्फाचा गोळा कसा फेकायचा हे वडिलांनी आपल्याला कधी शिकवलंच नाही.