कापलेली रेकॉर्ड आणि दाबलेली रेकॉर्ड

सांगलीत, विश्रामबागच्या माझ्या खोलीत, रेकॉर्ड भरायच्या घरगुती यंत्रावर पहिली रेकॉर्ड तयार झाली, तेव्हा तिच्यावर मी तंबोरा भरला होता. तंबोरा मिरजेचा, चांगला लावलेला. त्यात ना शब्द ना ताल, नुसत्या चार तारा आणि जवारी (तारेखालच्या दोऱ्यामुळे उठणारी झणझणती गुंज), म्हणजे आवाज कुठे बिघडला तर लगेच कळणार, असा हिशोब. वाजवून पाहिली तर षड्ज होता, पंचम होता, पण तारेखालचा दोरा कुणी काढून घेतल्यासारखा सगळा आवाज मुका. मग मी ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, चढवला. आणखी चढवला. कटिंग हेड (सुई धरून तिला आवाजाप्रमाणे हलवणारा भाग) चटका बसेल इतकं तापलं आणि जवारीऐवजी नुसती खरखर आली. चार रविवार असेच गेले.

भानगड एवढीच होती, की मी रेकॉर्ड कापतोय अशा समजात होतो आणि प्रत्यक्षात दाबत होतो.

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या टर्नरला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आटे कापताना टूल धातू काढतं, खाली चिप पडते. नर्लिंगमध्ये, म्हणजे पकडीसाठी खरखरीत नक्षी उठवताना, काहीच पडत नाही. चाक दाबलं की धातू बाजूला सरकून वर येतो आणि जॉबचा व्यास उलट वाढतो. घरगुती रेकॉर्डचंही तसंच आहे. कापायची सुई छिन्नीसारखी असते, नीलमची किंवा हिऱ्याची, पुढून सपाट आणि कडेला धारदार. ती प्लास्टिक काढते. दाबायची सुई म्हणजे हिऱ्याचा बोथट शंकू. तो प्लास्टिक नुसतं बाजूला सारतो. दोन्हींतून खाच पडते, दोन्ही रेकॉर्डी वाजतात, म्हणून घोटाळा होतो. विकणारेही दोन्हीला सर्रास ‘कटिंग’च म्हणतात.

ओळखायचं कसं? सुईमागे बघा. केसासारखा अखंड धागा निघत असेल तर तुम्ही कापताय, आणि तो ओढून घ्यायला व्हॅक्युमची नळी लावलेली बरी. नाहीतर तो सुईत अडकतो आणि खाचेची वाट लागते. (स्टुडिओतल्या लॅकर तबकड्यांचा धागा नायट्रोसेल्युलोजचा असतो, भुर्रकन पेटतो. या तबकड्या बनवणारा कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना 2020 मध्ये जळाला. आपण घरी बहुतेक पीईटीजी किंवा पॉलिकार्बोनेट ही प्लास्टिकं वापरतो, तरी उदबत्ती लांबच बरी.) धागा नसेल तर तुम्ही दाबताय. भिंगाखाली तर उसाचं रानच दिसतं, मध्ये सरी आणि दोन्ही बाजूंना वर आलेले वरंबे.

आता जवारी का मेली ते. बारा इंची रेकॉर्ड 33⅓ वेगाने (मिनिटाला 33⅓ फेरे) फिरताना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर प्लास्टिक सरकतं, आत लेबलजवळ जेमतेम 21. म्हणजे 10 किलोहर्ट्झची एक लाट बाहेर 51 मायक्रॉन लांब आणि आत 21 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरा. एवढ्या बारीक लाटा उमटवायच्या तर सुईची कड पुढून-मागून पातळ हवी. छिन्नीची असते. बोथट शंकू मात्र स्वतः जेवढा जाड, तेवढ्या लाटा पुसतच पुढे जातो. त्यात दाबलेलं प्लास्टिक थोडं मागे उसळतं, म्हणजे उरलंसुरलं तेही सपाट. जवारी म्हणजे तर सगळा वरच्या स्वरांशांचा, मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या उंच सुरांचा, खेळ.

मी ट्रेबल चढवत होतो तो गाढवपणा वेगळाच. रेकॉर्ड वाजवताना ट्रेबल ठरलेल्या प्रमाणात उतरवला जातो, त्या प्रमाणाला आरआयएए वक्र म्हणतात. भरताना तो उलटा लावावा लागतो. त्यातच 10 किलोहर्ट्झला 1 किलोहर्ट्झच्या मानाने जवळजवळ 14 डेसिबल चढलेले असतात. त्यावर माझं आणखी. हेड तापणार नाही तर काय!

म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी आपली पद्धत कोणती ते बघा. सुईला नायक्रोमची तार गुंडाळून ती तापवणं हा कापण्याचा उपाय. गरम कड भिंती गुळगुळीत सोडते, सूं आवाज कमी होतो. बोथट सुईचा प्रश्न जाडीचा आहे, तो तापवून सुटत नाही. तिथे सुईवरचा भार बेताचा ठेवा, तबकडीवर पातळ वंगणाचा हात फिरवा आणि खाचांमध्ये जास्त अंतर सोडा. नाहीतर एकीचा वरंबा शेजारणीत सरकतो आणि पुढच्या फेऱ्यातला आवाज आधीच कुजबुजतो. दिव्याखाली तबकडी कोमट करण्याचा फायदा मात्र दोन्हीकडे. 45 वेग घेणं, गाणं बाहेरच्या भागात संपवणं, ‘स’ आणि ‘श’चा सीत्कार आधीच डी-एसर नावाच्या फिल्टरने कमी करणं, हेही दोन्हीकडे चालतं.

दाबणं अगदीच टाकाऊ आहे असं नाही. 1940 च्या दशकात साउंडस्क्रायबर आणि ऑडोग्राफ ही ऑफिसातली डिक्टेशनची यंत्रं दाबूनच भरायची. बोलण्याला तेवढं पुरतं, सुई वर्षानुवर्षं टिकते, व्हॅक्युमची घरघर नाही. आजीच्या गोष्टी भरायच्या असतील तर मी आजही दाबेनच. आणि कारखान्यातली ‘प्रेस’ केलेली रेकॉर्ड यात धरू नका. कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात निघायच्या त्या रेकॉर्डी साच्यातल्या. त्यांचाही मूळ मास्टर कापलेलाच.

शेवटी छिन्नी घेतली, पीईटीजीवर 45 ला तोच तंबोरा भरला आणि रेकॉर्ड मिरजेला ज्यांच्याकडून तो आणला होता त्या सतारमेकरांना ऐकवली. थोडी सूं होतीच. त्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “खर्ज उतरलाय हो. मिळवून का नाही भरलंत?”