एक हजाराचे दहा, पण कुणाच्या पेसने?

धावणाऱ्यांच्या तोंडी असलेला थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा, हा शब्द मुळात हृदयरोग्यांच्या तपासणीतला. व्यायाम वाढवत नेला तर रुग्णाच्या स्नायूंना ऑक्सिजन नेमका कधी अपुरा पडू लागतो, हे कार्लमन वासरमन आणि माल्कम मॅकइलरॉय यांना शोधायचं होतं. साल 1964.

1976 मध्ये कोलोनच्या अलोइस माडर आणि सहकाऱ्यांनी या उंबरठ्याला आकडा दिला : लिटरभर रक्तात 4 मिलिमोल लॅक्टेट, म्हणजे जोरात व्यायाम करताना स्नायूंत तयार होऊन रक्तात येणारा पदार्थ. प्रशिक्षकांना आकडा मिळाला की हायसं वाटतं. पण हा उंबरठा माणसागणिक वेगळा असतो, हे 1981 मध्ये जर्मनीतूनच स्टेगमन आणि किंडरमन यांनी मांडलं.

अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्सने रक्त न काढता चालेल असा आडाखा दिला : शर्यतीत साधारण तासभर टिकेल तो वेग. त्याचे ‘क्रूझ इंटरव्हल’ म्हणजे याच वेगाने मैलाचे तुकडे, मध्ये मिनिटभर विसावा. गंमत अशी की तासाभरात अव्वल धावपटूची हाफ मॅरेथॉन आटोपते, तर आपल्यातल्या पुष्कळांची जेमतेम दहा किलोमीटर होतात. त्यामुळे ‘थ्रेशोल्ड म्हणजे हाफचा पेस’ हे ऐकून सव्वादोन तासांत हाफ करणारा त्या पेसने पळाला, तर तो उंबरठ्याच्या बराच अलीकडे राहतो.

मग नॉर्वेजियन आले. 2004 मध्ये 5000 मीटर 13 मिनिटं 6 सेकंदांत धावलेला मारियस बाकेन सरावातच बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर घ्यायचा आणि लॅक्टेट वाढलं की वेग कमी करायचा. याकोब इंगेब्रिग्टसेनने टोकियो ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचं सुवर्ण जिंकल्यावर त्या पद्धतीतला ‘हजाराचे दहा’, म्हणजे हजार मीटर दहा वेळा धावण्याचा सराव, जगभर पोचला. थेंब मात्र तिकडेच राहिला.

तिथे हजार मीटर तीन मिनिटांच्या आसपास जातात, म्हणजे एकूण काम अर्ध्या तासाचं. सहाच्या पेसवाल्याने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं घेणाऱ्याने, तेच दहा केले तर पूर्ण तास होतो, आणि तासभर टिकणारा वेग तर शर्यतीचा! त्याने किलोमीटर सोडून मिनिटं धरावीत : तीन मिनिटांचे दहा किंवा सहा मिनिटांचे पाच, विसावा मिनिटभराचाच. चारशेच्या ट्रॅकवर त्याची तीन मिनिटं सव्वा लॅपला संपतात. घड्याळ वाजतं तेव्हा तो पहिल्या वळणाच्या शेवटाशी, आणि सुरुवातीची रेषा शंभर मीटर मागे.