पावती नसलेली छायाचित्रे : कॉपीराइटच्या बनावट दाव्यांची पार्श्वभूमी

संकेतस्थळ चालवणाऱ्याला एखाद्या वकिली कार्यालयाच्या नावाने ईमेल येतो. अमुक पानावरील छायाचित्र आमच्या अशिलाच्या मालकीचे आहे, पाच कामकाजी दिवसांत त्याखाली श्रेय देऊन अशिलाच्या साइटची लिंक जोडा, नुसते छायाचित्र काढून टाकल्याने प्रकरण मिटणार नाही, असा त्याचा मजकूर असतो. खाली अमेरिकी कायद्याच्या कलमाचा हवाला, पत्ता आणि सही असते. प्रत्यक्षात ते छायाचित्र फुकट स्टॉक फोटो देणाऱ्या साइटवरून रीतसर डाउनलोड केलेले असते आणि पत्र पाठवणाऱ्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात असा हा प्रकार असला, तरी तो फळतो, आणि त्याचे कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या इतिहासात आहे.

मागणीपत्राचा हा साचा ठकांनी घडवलेला नाही. तो त्यांना आयता मिळाला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या गेटी इमेजेससारख्या मोठ्या छायाचित्र कंपन्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात लहानसहान संकेतस्थळांच्या मालकांना नुकसानभरपाईची पत्रे पाठवण्यास सुरुवात केली. एकेक साइट डोळ्यांनी तपासत बसण्याची गरज उरली नव्हती, कारण २००२ मध्ये इस्राएलमध्ये सुरू झालेल्या पिकस्काउटसारख्या कंपन्यांनी चित्राची जणू बोटांचे ठसे असावेत अशी ओळख काढून ते इंटरनेटवर कुठे कुठे वापरले आहे हे संगणकाकरवी शोधण्याचे तंत्र विकसित केले होते. गेटीने ही कंपनी २०११ मध्ये विकत घेतली. एका छोट्या चित्रासाठी कित्येकदा हजार डॉलरच्या आसपास रक्कम मागितली जाई. पत्र मिळालेल्यांपैकी अनेकांनी ते चित्र स्वतः निवडलेलेही नसे. साइट बनवून देणाऱ्याने किंवा विकत घेतलेल्या टेम्पलेटने ते परस्पर आणलेले असे. तरीही दावे बव्हंशी खरे होते, आणि अमेरिकी कायद्यानुसार वेळेत नोंदणी झालेल्या कृतीसाठी न्यायालय ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई देऊ शकते, हे वाचल्यावर दगडापेक्षा वीट मऊ म्हणून लोक पैसे भरून मोकळे होत. कॉपीराइटचे पत्र आले की वाद घालण्यापेक्षा मिटवून टाकावे, ही सवय याच काळात लागली.

खरा हक्क आणि निव्वळ दमदाटी यांतली रेषा किती पुसट होऊ शकते, हे राइटहेवन या अमेरिकी कंपनीने दाखवून दिले. २०१० पासून तिने वृत्तपत्रांतील मजकूर व छायाचित्रे वापरणाऱ्या ब्लॉगलेखकांवर आणि लहान संस्थांवर दोनशेहून अधिक दावे ठोकले आणि पैशांबरोबर चक्क त्यांची डोमेन नावेही, म्हणजे संकेतस्थळांचे पत्तेही, मागितले. वृत्तपत्रांनी तिला खटला भरण्यापुरताच अधिकार दिला होता, खरी मालकी नव्हे, हे उघड झाल्यावर २०११ मध्ये न्यायालयांनी तिला दावा करण्याचा अधिकारच नाकारला.

दरम्यान फुकट छायाचित्रांचे जग वेगळ्याच वाटेने वाढत होते. आपली कृती ठरावीक अटींवर इतरांना फुकट वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. पुढे २०१० मध्ये पिक्साबे, २०१३ मध्ये अनस्प्लॅश आणि २०१४ मध्ये पेक्सेल्स या फुकट छायाचित्रांच्या साइट सुरू झाल्या. अनस्प्लॅशचा आरंभ तर टम्बलर या ब्लॉगसेवेवरील एका पानावर ठेवलेल्या दहा छायाचित्रांपासून झाला. या साइटवरील छायाचित्रांना आरंभी 'सीसी झिरो' लागू होते, म्हणजे छायाचित्रकाराने आपले सर्व हक्क सोडून दिलेले असत आणि श्रेय देण्याचेही बंधन नसे. अनस्प्लॅशने जून २०१७ मध्ये आणि पिक्साबेने जानेवारी २०१९ मध्ये सीसी झिरो सोडून स्वतःचा परवाना आणला. त्यातही श्रेय ऐच्छिकच राहिले, परंतु कोणत्या तारखेला घेतलेल्या छायाचित्राला कोणता परवाना लागू, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला. २०१९ मध्ये पेक्सेल्स व पिक्साबे कॅनव्हा या डिझाइन कंपनीने विकत घेतले आणि २०२१ मध्ये अनस्प्लॅश गेटीकडे गेले. ज्या कंपनीच्या पत्रांनी लोक धास्तावले होते, तिच्याच छत्राखाली फुकट छायाचित्रांचे सर्वांत नावाजलेले भांडार आले, हा योगायोग गमतीचा खरा.

माझ्या मते या फसवणुकीचे मूळ नेमके इथे आहे. विकत घेतलेल्या छायाचित्राचे बिल असते, परवान्याचा क्रमांक असतो. फुकट छायाचित्राची पावती नसते. चार वर्षांपूर्वी एका लेखासाठी घेतलेले चाव्यांच्या जुडग्याचे छायाचित्र कोणत्या साइटवरून घेतले, तेव्हा पानावर परवान्याचे शब्द काय होते, ते पान आज आहे की छायाचित्रकाराने काढून टाकले, यांतले बहुतेकांना काहीही सांगता येत नाही. त्यातच अशा साइटवर कोणीही छायाचित्र चढवू शकतो, त्यामुळे दुसऱ्याचे छायाचित्र आपले म्हणून चढवले गेल्याची आणि खऱ्या मालकाचा खरा दावा येण्याची शक्यताही पूर्णपणे नाकारता येत नाही. ठकाला एवढी शंका पुरते.

शंकेत भर घालणारी आणखी एक जमात आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या जुन्या आवृत्त्यांत श्रेय देताना झालेल्या बारीकशा चुकीनेही परवाना आपोआप संपुष्टात येई. याचा फायदा घेऊन काहींनी छायाचित्रे मुद्दाम या परवान्याखाली पसरवली आणि नाव किंवा परवान्याची लिंक चुकवणाऱ्यांकडून पैसे उकळले. नोव्हेंबर २०१३ मधील चौथ्या आवृत्तीने चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केल्यास परवाना पुन्हा जिवंत होण्याची सोय केली. जुन्या आवृत्तीखालील छायाचित्रे मात्र होती तशीच राहिली.

कॅरोल हायस्मिथ यांचे प्रकरण या सगळ्यात सर्वांत बोलके आहे. या अमेरिकी छायाचित्रकार बाईंनी आपली हजारो छायाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला सर्वांच्या मुक्त वापरासाठी देऊन टाकली. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्या संस्थेला अलामी या छायाचित्र कंपनीच्या वतीने १२० डॉलरची मागणी आली, आणि ती चक्क हायस्मिथ यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्राच्या वापराबद्दल होती. गेटीही हायस्मिथ यांची हजारो छायाचित्रे विकत असल्याचे सांगून त्यांनी जुलै २०१६ मध्ये एक अब्ज डॉलरचा दावा दाखल केला. कॉपीराइट कायद्याखालील त्यांचे मुद्दे न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळले, कारण सर्वांसाठी खुली केलेली कृती कोणी विकायला ठेवली तर तेवढ्याने कॉपीराइटचा भंग होत नाही. उरलेला वाद पुढे तडजोडीने मिटला. या प्रकरणात कोणी ठक नव्हता, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. खुद्द छायाचित्रकाराकडेच तिच्या छायाचित्राचे पैसे मागितले जाऊ शकतात, तर फुकट छायाचित्र वापरणारा साधा संपादक आत्मविश्वासाने नकार कसा देणार?

पैशांऐवजी लिंक मागण्याची कल्पना मात्र कॉपीराइटच्या नव्हे, शोधयंत्रांच्या इतिहासातून आली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या गूगलने एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारस मानून शोधातील पानांचा क्रम ठरवला आणि लिंकला बाजारभाव आला. विकत घेतलेल्या व बनावट लिंकांना वेसण घालण्यासाठी गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणल्यावर जुन्या, विश्वासार्ह साइटने लेखाच्या ओघात दिलेल्या लिंकचे मोल आणखी वाढले. अशी लिंक मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे छायाचित्राचे श्रेय मागणे. आपले छायाचित्र वापरणाऱ्याला खऱ्या छायाचित्रकाराने तशी विनंती करण्यात गैर काहीच नाही. विनंतीची धमकी झाली आणि 'आपले छायाचित्र' हे दोन शब्द खोटे ठरले, की फसवणूक तयार होते.

याच धमकीची दुसरी शाखा अधिक धोक्याची आहे. तुम्ही माझी छायाचित्रे चोरली, पुरावा या लिंकवर पाहा, असे छायाचित्रकाराच्या नावाने लिहिलेले संदेश साइटच्या 'संपर्क' फॉर्ममधून येतात, अशी माहिती मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केली. फॉर्ममधून आल्यामुळे तो ईमेल स्वतःच्याच साइटने पाठवलेला दिसतो आणि गाळणीतून सुटतो. लिंक गूगलच्या पत्त्यावरची असल्याने तीही सज्जन वाटते. उतरवलेल्या झिप फाइलमध्ये पुराव्याऐवजी आइस्डआयडी हा बँकेचे तपशील चोरणारा प्रोग्राम संगणकात आणणारी फाइल असे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या जुन्या सामग्रीला नवा मुखवटा दिला. २०१९ पर्यंत अस्तित्वात नसलेल्या माणसांचे चेहरे कोणालाही फुकट बनवता येऊ लागले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर वकिली भाषाही तशीच स्वस्त झाली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेल्या एका प्रकरणात ॲरिझोनातील म्हणवणाऱ्या एका वकिली कार्यालयाने एका ईपत्रिकेच्या लेखकाला अनस्प्लॅशवरून घेतलेल्या छायाचित्राबद्दल नोटीस पाठवली आणि अशिलाच्या साइटची लिंक मागितली. कार्यालयाच्या पानावरील वकिलांचे चेहरे संगणकाने बनवलेले असल्याचे दिसले, आणि चौथ्या मजल्याचा पत्ता दिलेली इमारत नकाशावरील चित्रात एकमजली निघाली.

त्या नोटिशीतला कायदा मात्र खरा होता. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याचे ५१२ वे कलम होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे साइटला इंटरनेटवर जागा देणाऱ्या कंपनीकडे, तक्रार करून मजकूर काढून घेण्याची वाट देते. लिंक दिल्याने भरपाई होते, असे त्यात कुठेही नाही. खोटी तक्रार करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याची सोयही त्याच कलमात आहे, पण ठक होस्टिंग कंपनीच्या वाटेला जात नाहीत, थेट साइटच्या मालकाला लिहितात. आणि कोणी त्यांना न्यायालयात खेचायचे ठरवलेच, तर समन्स घेऊन एकमजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जावे लागेल.